शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण रुग्ण बरा झाला का?

शस्त्रक्रियागृहाचे दार उघडते, डॉक्टर बाहेर येतात आणि "शस्त्रक्रिया यशस्वी झाली" असे नातेवाइकांना सांगतात. त्या क्षणी डॉक्टरांच्या मनातील हिशेब पूर्ण झालेला असतो. रक्तस्राव थांबलेला आहे, टाके नीट बसले आहेत, नाडी आणि रक्तदाब ठीक आहेत. रुग्णाचा हिशेब मात्र अजून सुरूही झालेला नसतो. घोटभर चहा पोटात टिकला का, रात्री झोप लागली का, कोणाचा हात न धरता स्वच्छतागृहापर्यंत जाता आले का, पुन्हा कामाला कधी लागता येईल, या प्रश्नांची उत्तरे पुढील काही दिवसांत आणि कधीकधी काही महिन्यांत मिळतात. या दोन हिशेबांमधील अंतर मोजता यावे, यासाठी भूलशास्त्रात अर्धशतकाहून अधिक काळ प्रयत्न सुरू आहेत. त्यातून जे हाती आले, ते रुग्णालयात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

हे काम प्रामुख्याने भूलतज्ज्ञांनी का केले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. शल्यचिकित्सकाचे काम डोळ्यांना दिसते. काढलेली गाठ दाखवता येते, जोडलेले हाड क्ष-किरण चित्रात दिसते. भूलतज्ज्ञाचे काम उत्तम झाले तर मागे काहीच उरत नाही. रुग्णाला अनेकदा त्यांचे नावही आठवत नाही. म्हणूनच आपले काम चांगले झाले की नाही, हे रुग्णालाच विचारण्यावाचून या शाखेला दुसरा मार्ग नव्हता.

जगला की नाही, येथपासून सुरुवात

ऑक्टोबर १८४६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरच्या साहाय्याने वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे भूल चांगली की वाईट, याची एकच कसोटी होती : रुग्ण शुद्धीवर आला का? औषधे सुधारली, उपकरणे आली, प्रशिक्षण वाढले आणि सुसज्ज रुग्णालयांत केवळ भुलीमुळे होणारे मृत्यू अतिशय दुर्मीळ झाले. ही आनंदाची बाब असली, तरी तिने एक अडचण निर्माण केली. भुलीच्या दोन पद्धतींपैकी अधिक चांगली कोणती, हे मृत्यूंच्या संख्येवरून ठरवायचे झाल्यास आता लाखो रुग्णांचा अभ्यास करावा लागेल. जगणाऱ्यांमध्ये कोण कसा जगला, हे मोजणे त्यामुळे भाग पडले.

मोजमापाची वाट दाखवली ती नवजात अर्भकांनी. न्यूयॉर्कमधील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये नवजात बालकासाठी गुणांकनाची एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त हालचाल आणि त्वचेचा रंग या पाच बाबींना प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. आज जगभरातील प्रसूतिगृहांत हे गुण नोंदवले जातात. त्याच धर्तीवर मेक्सिकोत जन्मलेले भूलतज्ज्ञ डॉ. जे. अँटोनिओ अल्ड्रेटे यांनी सहकाऱ्यासमवेत १९७० मध्ये भुलीतून बाहेर येणाऱ्या रुग्णांसाठी दहा गुणांची पद्धत मांडली. हातपायांची हालचाल, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि त्वचेचा रंग या तिच्या पाच बाबी होत्या. पुढे १९९५ मध्ये रंगाच्या जागी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आले. बोटाला चिमटा लावून ते मोजणारे उपकरण कोविडच्या साथीत घराघरांत पोहोचले. दहापैकी नऊ गुण मिळाले की रुग्णाला रिकव्हरी रूममधून वॉर्डात हलवावे, असा संकेत आजही अनेक ठिकाणी पाळला जातो.

सकाळी दाखल होऊन सायंकाळी घरी जाण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या, तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. हर्नियाच्या रुग्णाला घरी केव्हा सोडावे? कॅनडातील टोरांटो येथील डॉ. फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी नाडी-रक्तदाब, चालणे, मळमळ-उलटी, वेदना आणि जखमेतील रक्तस्राव यांवर आधारित आणखी एक दहा गुणांची पद्धत तयार केली.

या सर्व पद्धती उपयुक्त आहेत आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले असणार. पण त्या एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देतात : रुग्णाला या खोलीतून पुढच्या खोलीत नेणे सुरक्षित आहे का? गुण देणारी परिचारिका असते. दहापैकी दहा गुण मिळालेला रुग्ण भिंतीकडे तोंड करून रडत असू शकतो. कागदावर त्याची नोंद होत नाही.

सत्त्याण्णव टक्के समाधानी, म्हणजे काय?

मग थेट रुग्णालाच विचारावे, "तुम्ही समाधानी आहात का?" ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील भूलतज्ज्ञ डॉ. पॉल माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन त्यांनी १०,८११ रुग्णांशी बोलून घेतलेल्या नोंदींचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ९६.८ टक्के रुग्ण भुलीबाबत समाधानी होते. २.३ टक्के काहीसे असमाधानी, तर ०.९ टक्के असमाधानी होते.

एखाद्या रुग्णालयाने असा आकडा फलकावर लावला, तर तो पाहून कोणालाही धीर येईल. परंतु संशोधकांच्या दृष्टीने हा आकडा अडचणीचा आहे. बहुतेक सगळेच समाधानी असतील, तर उत्तम सेवा आणि जेमतेम सेवा यांतील फरक या प्रश्नातून कळणार कसा? शाळेच्या परीक्षेत सर्वांनाच शंभरपैकी सत्त्याण्णव गुण मिळाले, तर शिक्षक प्रश्नपत्रिकेकडे संशयाने पाहतील.

समाधान हे अनुभवाबरोबरच अपेक्षेवरही अवलंबून असते. ज्याने मृत्यूची धास्ती घेऊन भुलीला होकार दिला, त्याला डोळे उघडले हेच पुष्कळ वाटते. आपल्याकडे तर या प्रश्नाला आणखी पदर आहेत. डॉक्टरांविषयीची कृतज्ञता असते, सरकारी रुग्णालयात खाट मिळाली याचे समाधान असते आणि तक्रार केली तर सिस्टर किंवा मावशी मनात धरतील, अशी भीतीही असते. सकाळच्या फेरीत डॉक्टर चार-पाच सहकाऱ्यांसह खाटेशी उभे राहतात आणि विचारतात, "काय, बरे आहे ना?" प्रश्नातच उत्तर दिलेले असते. त्यातूनही रुग्ण काही बोलू लागला, तर उत्तर बहुधा शेजारी उभा असलेला मुलगा किंवा दीर देतो.

माइल्स यांच्या अभ्यासाचे खरे मोल त्या सत्त्याण्णव टक्क्यांत नसून उरलेल्या सुमारे साडेतीनशे रुग्णांत आहे. ते कशामुळे नाराज होते, याचा संशोधकांनी शोध घेतला. मध्यम किंवा तीव्र वेदना सोसलेल्या रुग्णांत असमाधानाची शक्यता सुमारे चौपट होती; तीव्र मळमळ आणि उलट्या झालेल्यांतही तितकीच. शस्त्रक्रिया सुरू असताना जाग आलेल्या रुग्णांत मात्र हे प्रमाण जवळजवळ ५५ पट होते. वेदना, उलटी आणि भुलीत जाग येणे, या तिन्ही गोष्टी टाळण्यासाठी वैद्यकाकडे आज उपाय आहेत. "समाधानी आहात का" या प्रश्नाने त्या झाकल्या जातात आणि नेमका प्रश्न विचारला की उघड होतात.

विचारण्याच्या पद्धतीवर उत्तर किती अवलंबून असते, याचे सर्वांत ठळक उदाहरण भुलीत येणाऱ्या जागेचेच आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीत पूर्ण भूल दिलेल्या साधारण १९ हजार रुग्णांमागे एक, इतकेच अशा घटनांचे प्रमाण आढळले. ही पाहणी रुग्णांनी आपणहून सांगितलेल्या घटनांवर आधारित होती. याउलट ज्या अभ्यासांत प्रत्येक रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारण्यात आले, त्यांत हे प्रमाण हजारामागे एक ते दोन इतके निघाले. ते प्रश्न अगदी साधे आहेत. झोप लागण्यापूर्वीची शेवटची कोणती गोष्ट आठवते? जागे झाल्यावरची पहिली कोणती? या दोहोंमधले काही आठवते का? स्वप्न पडले होते का? १९७० पासून वापरात असलेल्या या प्रश्नांत "तुम्हाला मध्येच जाग आली होती का" असे कोठेही थेट विचारलेले नाही. ज्याला जे आठवते ते त्याने सांगावे, एवढीच मोकळीक दिलेली आहे. दोन आकड्यांतील तफावतीला इतरही कारणे आहेत आणि तज्ज्ञांमध्ये त्यावर वाद आहे. तरीही न विचारलेले बरेच काही रुग्ण मनात ठेवतात, हे मान्य करावे लागते.

शंभर डॉलर कशावर खर्च कराल?

रुग्णाला काय नको असते, याबद्दल डॉक्टरांचा अंदाज बरोबर असतोच असे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. ॲलेक्स मकारिओ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०१ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी एक खेळ दिला. तुमच्याकडे शंभर डॉलर आहेत असे समजा. भुलीनंतरचे कोणते त्रास टाळण्यासाठी तुम्ही किती खर्च कराल? वेदना पहिल्या क्रमांकावर असेल, असे कोणीही गृहीत धरले असते. प्रत्यक्षात पहिला क्रमांक उलटीला मिळाला. त्याखालोखाल श्वासनलिकेतील नळीने गुदमरल्यासारखे होणे आणि त्यानंतर जखमेची वेदना. थंडी वाजणे, घसा दुखणे, गुंगी राहणे हे बरेच मागे होते.

उलटीला वैद्यकीय नोंदवहीत "किरकोळ त्रास" असे म्हटले जाते. पोटावर ताजे टाके असताना उमासे येणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्याला त्यातील किरकोळपणा समजावून सांगणे कठीण आहे. वास्तविक ही उलटी बऱ्याच अंशी आधीच ओळखता येते. जर्मनीतील डॉ. ख्रिश्चन आफेल यांनी १९९९ मध्ये चार धोके निश्चित केले : रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणे किंवा प्रवासात मळमळण्याची सवय असणे आणि शस्त्रक्रियेनंतर अफूजन्य वेदनाशामके द्यावी लागणे. यांपैकी एकही धोका नसल्यास उलटी-मळमळीची शक्यता सुमारे १० टक्के असते. एक असल्यास २१, दोन असल्यास ३९, तीन असल्यास ६१ आणि चारही असल्यास ७९ टक्के.

धूम्रपान न करणाऱ्यांना अधिक त्रास व्हावा, हा निसर्गाचा विचित्र न्याय आहे. यातून कोणी विडी ओढण्याचे निमित्त काढू नये. धूम्रपानाने फुप्फुसांचे आणि जखमेचे होणारे नुकसान कितीतरी मोठे आहे. आपल्या वाचकांच्या दृष्टीने यातील कामाची बाब वेगळीच आहे. ‘प्रवासात मळमळण्याची सवय’ असे लिहिले की ते पाठ्यपुस्तकातील वाटते. पण मराठी घरात त्याला "गाडी लागते" असे म्हणतात आणि कोणाला गाडी लागते हे घरातील सर्वांना ठाऊक असते. घाटात खिडकीशी बसणारी, हातात लिंबू धरणारी बाई विडी-सिगारेटला शिवलेली नसेल, तर वेदनाशामक दिल्यानंतर तिच्या पदरी चारही धोके जमा होतात. भूलतज्ज्ञांना हे आधी कळले, तर ते प्रतिबंधक औषधे देतात आणि भुलीची पद्धतही बदलू शकतात. बहुतेक वेळा हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

पंधरा प्रश्न

या सर्व अनुभवांतून माइल्स आणि सहकाऱ्यांनी एकाच ढोबळ प्रश्नाऐवजी प्रश्नावली तयार केली. १९९९ मध्ये नऊ प्रश्नांची, २००० मध्ये चाळीस प्रश्नांची आणि २०१३ मध्ये पंधरा प्रश्नांची. चाळीस प्रश्नांच्या प्रश्नावलीत शारीरिक आराम, भावनिक अवस्था, स्वावलंबन, मानसिक आधार आणि वेदना असे पाच विभाग होते. ती चांगली होती; पण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी चाळीस प्रश्नांची उत्तरे देण्याइतका उत्साह कोणात असतो? पंधरा प्रश्नांच्या आवृत्तीला सरासरी अडीच मिनिटांहून कमी वेळ लागतो. ‘क्यूओआर-१५’ या नावाने ती आता जगभर वापरली जाते.

गेल्या चोवीस तासांत श्वास सहज घेता आला का? अन्न रुचले का? विश्रांती मिळाल्यासारखे वाटते का? झोप चांगली लागली का? शौच आणि अंगाची स्वच्छता स्वतःची स्वतः करता आली का? घरच्यांशी बोलता आले का? डॉक्टर आणि परिचारिकांचा आधार वाटला का? नेहमीच्या कामाला लागता येईल असे वाटते का? आपण सावरलेले आहोत, असे वाटते का? एकंदरीत बरे वाटते का? हे पहिले दहा प्रश्न. पुढील पाच त्रासांविषयीचे आहेत : मध्यम वेदना, तीव्र वेदना, मळमळ किंवा उलटी, काळजी आणि उदासपणा. प्रत्येक उत्तराला शून्य ते दहा गुण आणि एकूण गुण १५०.

प्रश्न दिसायला साधे असले, तरी त्यांच्या रचनेमागे विचार आहे. वेदना "किती" होती याऐवजी ती किती वेळ होती, असे विचारलेले आहे. दहा प्रश्न चांगल्या अनुभवाचे आहेत, म्हणजे नुसते "त्रास नाही" असे सांगून गुण मिळत नाहीत. उदासपणा आणि काळजी यांना उलटीइतकेच स्थान आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही प्रश्नावली शस्त्रक्रियेपूर्वीही भरून घ्यायची असते. सत्तरीतील संधिवाताच्या रुग्णाचे आधीचेच गुण ११० असतील, तर शस्त्रक्रियेनंतरचे १०५ हे त्याच्यासाठी चांगलेच म्हणावे लागतील. तेच पंचविशीतील तरुणाचे १४५ वरून १०५ वर आले, तर काहीतरी बिघडले आहे. रुग्णाची तुलना त्याच्याशीच व्हावी, असा हा हिशेब आहे. किती गुणांचा फरक रुग्णाला प्रत्यक्ष जाणवतो, याचाही अभ्यास झाला. आधी तो आठ मानला जात असे. २०२१ मध्ये माइल्स आणि सहकाऱ्यांनी तो सहावर आणला. १३६ किंवा अधिक गुण म्हणजे उत्तम, १२२ ते १३५ चांगले, ९० ते १२१ मध्यम आणि त्याखाली असमाधानकारक, अशी वर्गवारीही २०१८ मध्ये सुचवण्यात आली.

भाषेचा अडसर

भाषांतराचे काम करणाऱ्यांना या प्रश्नावलीत खरी परीक्षा दिसते. अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना प्रथम तिचा अनुवाद करतात. मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्या अनुवादकाकडून तो पुन्हा इंग्रजीत करून घेतात. दोन्ही इंग्रजी रूपे ताडून पाहतात आणि अखेरीस प्रत्यक्ष रुग्णांवर तिची चाचणी होते. एवढे करूनही शब्द निसटतात. मूळ प्रश्नावलीत स्वतःवर ताबा असण्याची जी भावना अभिप्रेत आहे, तिला मराठीत सरळ प्रतिशब्द दिला तर रुग्णाला वाटेल की लघवीवरील ताब्याविषयी विचारत आहेत. ‘नैराश्य’ म्हटले तर तो आजार वाटतो आणि रुग्ण घाईने "नाही" म्हणतो. "मन लागत नाही असे होते का" असे विचारले तर बोलता होतो.

शून्य ते दहा ही मोजपट्टीही सर्वांना सारखी उमगत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईंना "दहापैकी किती दुखते" असे विचारले, तर त्या गोंधळतात. मात्र "रुपयात किती आणे बरे आहे" असे विचारले, तर "बारा आणे" असे उत्तर चटकन येते. आण्यांचे नाणे १९५७ मध्ये दशमान पद्धत आल्यावर चलनातून हटू लागले, तरी सोळा आण्यांची मोजपट्टी ग्रामीण बोलीत टिकून आहे. लहान मुलांसाठी आणि निरक्षर रुग्णांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे वापरली जातात. त्याच न्यायाने बोलीतील मापांचाही विचार व्हायला हरकत नाही.

"नेहमीच्या कामाला लागता येईल का" या प्रश्नातही मेख आहे. गर्भाशय काढलेली बाई आठव्या दिवशी चुलीपुढे बसली, तर तिला या प्रश्नात पूर्ण गुण मिळतील. ती बरी झाली म्हणून बसली की घरात दुसरे कोणी नव्हते म्हणून, हे प्रश्नावलीला कळत नाही. "डॉक्टर-परिचारिकांचा आधार" या प्रश्नाचेही तसेच. पाणी पाजणे, कूस बदलणे, सलाईन संपत आली की धावत जाऊन सांगणे ही कामे आपल्याकडे बहुतांशी नातेवाईकच करतात. रुग्ण आधार मिळाला म्हणतो, तेव्हा तो कोणाचा, हे स्वतंत्रपणे विचारायला हवे.

घरी गेल्यावर

चोवीस तासांत सर्व काही कळत नाही. साठ वर्षे व त्यावरील १,२१८ रुग्णांच्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मोठ्या शस्त्रक्रियेनंतर एका आठवड्याने २५.८ टक्के रुग्णांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता घटलेली आढळली. तीन महिन्यांनंतरही ९.९ टक्क्यांमध्ये ती तशीच होती. "ऑपरेशनपासून बाबा विसरायला लागले" ही घरातील तक्रार वयाच्या नावावर टाकली जाते. तिची दखल घेणारे मोजमाप हवे असेल, तर आधीची स्मरणशक्तीही तपासलेली असावी लागते.

अलीकडे आणखी एक साधे माप पुढे आले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांपैकी रुग्ण किती दिवस जिवंत आणि स्वतःच्या घरी होता? रुग्णालयातील मुक्काम लांबला, पुन्हा दाखल व्हावे लागले, तर तेवढे दिवस वजा होतात. या काळात मृत्यू झाल्यास शून्य दिवस धरतात. रुग्णालयाच्या नोंदींतून ते सहज काढता येते, हा त्याचा गुण. पण खाट रिकामी हवी म्हणून किंवा पैसे संपले म्हणून रुग्ण घरी गेला, तर तेही या मापात चांगलेच दिसते. भारतात हे माप वापरताना ही सावधगिरी बाळगावी लागेल.

मोजमापाचा अतिरेक आणि अभाव

समाधानाचे गुण पैशांशी जोडले तर काय होते, हे अमेरिकेने पाहिले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तेथील वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने नाडी, श्वास, तापमान आणि रक्तदाब यांच्या जोडीने वेदना हे पाचवे लक्षण मानून तिची नोंद घ्यावी, असा आग्रह धरला. हेतू चांगला होता. वेदनेकडे दुर्लक्ष होतच होते. पुढे रुग्णांच्या अनुभवांचे देशव्यापी सर्वेक्षण सुरू झाले आणि २००८ पासून त्याचे निष्कर्ष जाहीर होऊ लागले. ऑक्टोबर २०१२ पासून सरकारी विम्यातून रुग्णालयांना मिळणाऱ्या रकमेचा काही भाग या गुणांवर ठरू लागला. तुमची वेदना आटोक्यात ठेवण्यासाठी कर्मचाऱ्यांनी शक्य ते सर्व केले का, असा प्रश्न त्यात होता. गुण जाऊ नयेत म्हणून डॉक्टर अफूजन्य गोळ्या सढळ हाताने लिहून देतात, अशी टीका होऊ लागली. त्या गोळ्यांच्या व्यसनाने तेव्हा तेथे भीषण रूप धारण केले होते. या संकटात औषध कंपन्यांच्या प्रचाराचा वाटा मोठा होता. सर्वेक्षणाचा वाटा किती, याबाबत एकमत नाही. तरीही वेदनेचे प्रश्न आधी मोबदल्याच्या हिशेबातून आणि २०१९ मध्ये सर्वेक्षणातूनही वगळण्यात आले.

२०१२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ५२ हजार प्रौढांच्या माहितीवर आधारित एका अमेरिकी अभ्यासाने तर खळबळ उडवली. डॉक्टरांवर सर्वाधिक समाधानी असलेल्या गटात औषधांवरील खर्च अधिक होता आणि मृत्यूचा धोका सर्वांत कमी समाधानी गटापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होता. समाधानामुळे मृत्यू ओढवतो, असा याचा अर्थ नाही. अधिक आजारी माणसे डॉक्टरांवर अधिक विसंबतात, हेही एक कारण असू शकते. रुग्णाला हवे ते देणे आणि त्याला आवश्यक ते देणे या भिन्न गोष्टी आहेत, एवढे मात्र त्यातून दिसते.

आपली स्थिती याच्या उलट टोकाला आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ मध्ये लागू झाल्यानंतर परवान्यांची कटकट आणि शिक्षेची भीती यांमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक गुंगीकारक औषधांसाठी देशभर एकसमान नियम करण्याचा मार्ग मोकळा झाला. तरीही लहान गावांतील रुग्णालयांत हे औषध सहज मिळत नाही. "एवढे तर दुखणारच" हे वाक्य वॉर्डात आजही ऐकू येते. अमेरिकेतील अतिरेकाचा दाखला देऊन येथे वेदना विचारूच नये, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ हा उपक्रम सुरू केला. त्यात रुग्णाचे मत लघुसंदेश, दूरध्वनी, मोबाइल ॲप आणि संकेतस्थळ यांद्वारे घेण्याची व्यवस्था करण्यात आली. रुग्ण घरी गेल्यावर आणि उपचार करणाऱ्यांव्यतिरिक्त दुसऱ्याने विचारणे, ही यातील जमेची बाजू. मात्र स्वच्छता, खर्च, कर्मचाऱ्यांची वागणूक यांविषयीचे मत आणि शस्त्रक्रियेनंतर शरीर किती सावरले याची नोंद, ही दोन वेगळी मापे आहेत. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

अशी नोंद ठेवण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. पंधरा प्रश्नांचा एक कागद, शस्त्रक्रियेपूर्वी एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा, उपचारांत सहभागी नसलेल्या कोणीतरी रुग्णालाच विचारून भरायचा, नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबवून. शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या वाचकांना त्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात, तेव्हा त्यांना पूर्वीच्या भुलीचा अनुभव, गाडी लागण्याची सवय, नेहमीची औषधे, तंबाखू आणि मद्य यांविषयी मोकळेपणाने सांगावे. भूल पूर्ण असेल की पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची, वेदना वाढल्यास कोणते औषध मिळेल आणि रात्री ते कोणाकडे मागायचे, हे विचारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी "बरे आहे ना?" असा प्रश्न आला, तर उलटी किती वेळा झाली, झोप किती तास लागली आणि कुशीवर वळता येते का, हे रुग्णाने स्वतः सांगावे. शस्त्रक्रियेदरम्यानचे काही आठवत असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून कळवावे. ते तपासून पाहण्याची पद्धत त्यांच्याकडे आहे आणि अशा रुग्णांना पुढे समुपदेशनाचा उपयोग होतो.